व्रणावर केस उगवतील का?

लहानपणी जिन्यावरून पडून पडलेली खोक, गरम पाण्याने भाजणे किंवा डोक्याची शस्त्रक्रिया. जखम भरते, पण केस नसलेला चट्टा मागे राहतो. जखम खोल असली की केसांची मुळेच नष्ट होतात. मग तेल किंवा लेप लावून ती परत येत नाहीत. अशा ठिकाणी केशरोपण करता येते. मात्र व्रणावर लावलेला प्रत्येक केस रुजतोच असे नाही. त्याचे कारण पुण्यातल्याच एका जुन्या घटनेवरून समजते.

शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे होते, तेव्हाची ही गोष्ट. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात नवे नाक मिळाले. विटा पाडणाऱ्या समाजातील एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. पण भुवयांमधला तिचा देठ लगेच कापला नाही. देठातून रक्त मिळत राहिले, म्हणून कातडी जगली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापून आली.

केशरोपणात असा देठ नसतो. डोक्याच्या मागच्या भागातून मुळासकट काढलेल्या केसांना नव्या जागेतल्या रक्तावरच तगावे लागते. व्रणाची कातडी कडक असते आणि तिच्यात रक्तपुरवठा कमी असतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा आधी थोडे केस लावून पाहतात, ते विरळ लावतात आणि गरज पडल्यास काही महिन्यांनी पुन्हा लावतात. लावलेले केस सुरुवातीला गळतात, त्याने घाबरू नये. तीन-चार महिन्यांनी नवे येऊ लागतात. खरा परिणाम कळायला सुमारे वर्ष लागते.

चट्टा जखमेचा नसून ‘लायकेन प्लॅनोपायलॅरिस’सारख्या आजाराचा असेल, तर घाई नको. आजार धुमसत असताना लावलेले केसही जातात. तो दीर्घकाळ, साधारण एक-दोन वर्षे, शांत आहे याची त्वचारोगतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी. जखमेवर गाठाळ व्रण उठण्याची सवय असल्यास तेही आधीच सांगावे.

केशरोपण प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे खर्च विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रिया स्वतः कोण करणार आणि याआधी व्रणावर किती वेळा केली आहे?