संगणकातले टपालघर आणि आजीचे पत्र

मुलांनो,

मागे वर्गात पत्रलेखन शिकवत असताना तुमच्यापैकी एकाने विचारले होते, "काका, ई-मेल मध्येच हरवते म्हणजे नक्की कुठे जाते?" त्या दिवशी वेळ संपली होती, म्हणून घाईत काहीतरी उत्तर देऊन मोकळा झालो. आज नीट सांगतो. मी स्वतः एकदा एक पत्र हरवले आहे, त्यामुळे हे उत्तर मला चांगलेच पाठ आहे.

आधी कागदाच्या पत्राची गोष्ट

आपल्याकडे कॅनडात पुष्कळ वस्त्यांत पोस्टमन दारापर्यंत येत नाही. कोपऱ्यावर सामाईक पेट्या असतात, तिथे किल्ली लावून आपण आपले टपाल काढतो. त्या छोट्याशा कप्प्यात फक्त आपलीच पत्रे कशी येतात? टपालखात्यात कुणीतरी ती निवडलेली असतात म्हणून.

निवडणे सोपे जावे यासाठी पत्त्यात एक संकेत लिहितात. कॅनडात १९७१ साली ओटावापासून सहा खुणांचा पोस्टल कोड सुरू झाला. त्यात एक अक्षर, एक अंक असे आळीपाळीने येतात. पहिले अक्षर विभाग सांगते. 'एम' म्हणजे टोरांटो, 'व्ही' म्हणजे ब्रिटिश कोलंबिया. सांताक्लॉजला पत्र घालताना तुम्ही 'एच०एच ०एच०' लिहिता, तोही याच साच्यातला.

भारतात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. आपल्या मराठी माणसाने! ते टपालखात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. भारतात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले. पत्र निवडणाऱ्याने करावे काय? वेलणकरांच्या सहा आकड्यांनी ते कोडे सोडवले. पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे त्या गावचे किंवा भागातले टपालघर. माझी आजी सांगलीची. तिचा पिन ४१६४१६. चार म्हटले की पत्र पश्चिमेकडच्या गठ्ठ्यात पडते आणि तिथून पुढे प्रत्येक आकड्याला ते सांगलीच्या जवळ जवळ जाते.

हे लक्षात ठेवा, कारण संगणकातही नेमके हेच चालते.

चार नोकर

लिनक्स ही संगणकाची एक मोफत कार्यप्रणाली आहे. तिच्यात एकच मोठा कार्यक्रम सगळे करीत नाही. छोटे छोटे नोकर असतात आणि प्रत्येकाला एकच काम नेमून दिलेले असते. टपालाच्या कामाला चार नोकर लागतात.

पहिला आणणारा. याचे नाव फेचमेल. दर पाच मिनिटांनी तो आपल्या मेलसेवेच्या दारात जातो आणि नवी पत्रे घेऊन येतो. घरीच पूर्ण टपालघर उघडून बाहेरची पत्रे थेट घेता येतात, त्यासाठी पोस्टफिक्ससारखे कार्यक्रम आहेत. पण त्याला कायमचा पत्ता लागतो, आणि अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर तो दरवाजा बंदच ठेवतात. म्हणून घरासाठी आणणारा नोकरच बरा.

दुसरा तपासणारा, म्हणजे स्पॅमअसॅसिन. पत्र जाहिरातीचे किंवा फसवे वाटते का ते पाहून तो त्याला गुण देतो.

तिसरा वाटणारा. हा पत्र कोणत्या कप्प्यात टाकायचे ते ठरवतो. पूर्वी हे काम बहुतेक ठिकाणी प्रॉकमेल करीत असे. तो १९९० च्या सुमारास लिहिला गेला. आता डव्हकॉट वापरतात. डव्हकॉट म्हणजे कबुतरखाना! दादरच्या कबुतरखान्याचे नाव तुम्ही घरी ऐकले असेल. पूर्वी कबुतरे पत्रे नेत, म्हणून हे नाव शोभते.

चौथा दाखवणारा, म्हणजे ज्यात आपण पत्र उघडून वाचतो तो कार्यक्रम. उदाहरणार्थ थंडरबर्ड.

पत्रे ठेवायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत सगळी पत्रे एकाच लांबलचक फायलीत एकाखाली एक चिकटवत. मधेच वीज गेली तर सगळी वहीच बिघडायची. नव्या पद्धतीला मेलडिर म्हणतात. तिच्यात प्रत्येक पत्राची वेगळी फाइल आणि तीन खण असतात. पत्र लिहून होईपर्यंत 'तात्पुरते' खणात, पूर्ण झाले की 'नवे' खणात, आणि आपल्या नजरेखालून गेले की 'चालू' खणात. अर्धवट पत्र 'नवे' खणात कधीच दिसत नाही.

आजीचे पत्र

आता माझी चूक सांगतो. २०११ साली माझ्या संगणकावर फेचमेल आणि प्रॉकमेल होते. त्या काळी मला रोज परदेशी भाषांतल्या जाहिरातींची ढीगभर पत्रे येत. ती वाचता येत नसत, नुसता वैताग. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. त्यांच्या विषयाची ओळ बरोबरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह अशा जोडीने सुरू होई. मी मोठ्या हुशारीने नियम लिहिला : विषय असा सुरू झाला तर पत्र थेट 'नल'मध्ये टाक. लिनक्समध्ये 'नल' हा बिनबुडाचा खड्डा आहे. त्यात टाकलेले परत मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून पेटी स्वच्छ. मी खूष!

माझी आत्या सांगलीहून नेहमी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असे. त्या वर्षी गणपतीत ती देवनागरीत टंकलेखन शिकली. आजीने सांगितले आणि आत्याने टंकले, असे एक लांबलचक पत्र माझ्या मुलांच्या नावाने आले. विषय होता फक्त 'आजी'.

अकरा दिवसांनी मी फोन केला. आजी म्हणाली, "अरे, पत्र मिळालं का रे माझं?" मी म्हटले, "कुठलं पत्र?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, पोरांना आता मराठी वाचता येत नाही, म्हणून उत्तर नाही आलं. असू दे. पुढच्या वेळी कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेते."

मुलांनो, माझी मुले तेव्हा दर शनिवारी बर्फ तुडवत मराठीच्या वर्गाला जात होती. त्यांना ते पत्र वाचता आले असते!

प्रॉकमेल एक नोंदवही ठेवतो. रात्री ती उघडली. पत्र कुणाचे, विषय काय, कोणत्या खणात गेले, सगळे लिहिलेले होते. आत्याचा पत्ता आणि पुढे 'नल'. शिवाय फेचमेलची मूळची सवय अशी, की पत्र आणले की मेलसेवेकडची प्रत पुसून टाकायची. म्हणजे माझ्याकडे एकही प्रत उरली नाही. आत्याकडची पाठवलेली प्रत होती म्हणून पत्र वाचले.

चूक कुठे झाली?

ई-मेलचे नियम ठरले तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरे धरली होती. म्हणून दुसऱ्या लिपीतला विषय वेष बदलून प्रवास करतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट जागा घेते. प्रवासासाठी त्या तीन बाइटांची चार इंग्रजी अक्षरे किंवा अंक करतात. 'आजी' या शब्दात आ, ज आणि दुसरी वेलांटी अशी तीन चिन्हे आहेत. त्यांची झाली बारा अक्षरे : '४केएसजी', '४केएससी', '४केडब्ल्यूए'. गंमत म्हणजे अशा वेषात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह चार आणि के यांनीच सुरू होते. आणि हे सर्व वेषांतरित आहे, असे सांगणारी खूण म्हणजेच ती बरोबर-प्रश्नचिन्हाची जोडी.

प्रॉकमेल हा वेष उतरवत नाही, बाहेरचे कपडेच पाहतो. मी कचरा ओळखायचा नियम लिहिला असे समजत होतो. प्रत्यक्षात 'जे इंग्रजी नाही ते फेका' असा नियम लिहून बसलो होतो.

नवी चाळणी

डव्हकॉटबरोबर नियम लिहायची जी छोटी भाषा येते तिचे नाव सिव्ह, म्हणजेच चाळणी. तिचे तीन गुण मला आवडले. ती वेष उतरवून मगच शब्द तपासते, त्यामुळे नियमात सरळ 'आजी' असे देवनागरीत लिहिता येते. कोणताच नियम लागू झाला नाही तर पत्र मुख्य पेटीतच राहते. आणि पत्र चाळताना काही बिघडले तरी पत्र फेकले जात नाही.

नियम इंग्रजीत लिहावे लागतात, पण त्यांचा अर्थ मराठीत असा :

१. पाठवणारी आत्या किंवा मामा असेल तर 'घर' कप्प्यात ठेव आणि थांब.
२. विषयात 'मराठी वर्ग' असेल तर 'वर्ग' कप्प्यात ठेव आणि थांब.
३. पत्र एखाद्या परिपत्रकाच्या यादीतून आले असेल तर 'परिपत्रके' कप्प्यात ठेव आणि थांब.
४. तपासणाऱ्याने 'कचरा' असा शिक्का मारला असेल तर 'संशयित' कप्प्यात ठेव.
५. बाकी सगळे मुख्य पेटीत.

क्रम महत्त्वाचा आहे. आपली माणसे आधी, संशय नंतर. उलट केले तर आजी पुन्हा संशयितांत! मात्र एक लक्षात ठेवा. पाकिटावर कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो. 'घर' कप्प्यातल्या पत्रात कुणी अचानक पैसे किंवा पासवर्ड मागितला, तर आधी फोन करून विचारा.

या यादीत 'फेकून दे' असा नियम एकही नाही. आई सुपात तांदूळ पाखडते तेव्हा खाली पडलेला कोंडाही एकदा नजरेखालून घालते. एखादा दाणा गेला असेल तर? तसेच दर शनिवारी मी 'संशयित' कप्पा चाळतो. पाच मिनिटे लागतात.

तपासणाऱ्याला मराठी शिकवा

स्पॅमअसॅसिन पत्रात खटकणाऱ्या गोष्टी शोधतो आणि प्रत्येकीचे गुण मांडतो. बेरीज ५ झाली की कचऱ्याचा शिक्का. पण तो शिकूही शकतो. कचऱ्याची २०० आणि चांगली २०० पत्रे दाखवल्यावर कोणते शब्द कुठे येतात यावरून तो स्वतः अंदाज बांधू लागतो. या गणिताचे मूळ इंग्लंडच्या थॉमस बेझ यांच्या अठराव्या शतकातल्या सिद्धांतात आहे. म्हणून चांगल्या पत्रांत मराठी पत्रे जरूर घाला. त्याने मराठी कधी पाहिलीच नसेल, तर 'सप्रेम नमस्कार' हे शब्द चांगल्या पत्रात येतात, हे त्याला कसे कळणार?

कॅनडात कायदाही आपल्या बाजूला आहे. १ जुलै २०१४ पासून नको असलेल्या व्यापारी ई-मेलविरुद्ध कायदा लागू आहे. पाठवणाऱ्याने आधी संमती घ्यावी, स्वतःची ओळख द्यावी आणि नाव काढून टाकायची सोय ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. नाव काढायला सांगितल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत ते काढावे लागते. पण ठग कायदा पाळत नाहीत, म्हणून चाळणी लागतेच.

करून पाहा

घरात जुना संगणक असेल तर आईबाबांना विचारून त्यावर लिनक्स घाला. मग या क्रमाने चला.

फेचमेलच्या फायलीत पासवर्ड असतो. ती फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर फेचमेल कामच करीत नाही, म्हणून ती फक्त स्वतःपुरती ठेवा. अनेक मेलसेवा अशा कामाला नेहमीचा पासवर्ड चालवत नाहीत, वेगळा काढून देतात. पहिला महिनाभर 'प्रत तिकडेही ठेव' ही सूचना फेचमेलला जरूर द्या. नियम लिहिला की आधी 'सिव्ह-टेस्ट' या आज्ञेने एका पत्रावर चालवून पाहा. पत्र कुठे गेले असते ते ती नुसते सांगते, हलवत काही नाही. मग स्वतःलाच एक पत्र इंग्रजीत आणि एक देवनागरीत पाठवा. दोन्ही योग्य कप्प्यात पडली तरच नियम पक्का समजा.

आजीला त्या रात्री माझ्या मुलांनी उत्तर लिहिले. देवनागरीत. धाकटीने 'सप्रेम'मधला 'प्रे' दोनदा खोडला. ते पत्र आम्ही कागदावर लिहून पाकिटात घातले आणि पाकिटावर ठळक अक्षरांत ४१६४१६ लिहिले. आजीने पुढचे पत्र इंग्रजीत लिहून घेतले नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या आजीआजोबांचा पिनकोड विचारून लिहा. पहिला आकडा कोणता आहे?
२. 'सई' हा शब्द देवनागरीत विषय म्हणून लिहिला तर प्रवासात त्याची किती अक्षरे होतील?
३. घरातल्या मोठ्यांसोबत आज 'संशयित' कप्पा उघडा. आपले कुणी त्यात अडकले आहे का, पाहा.