घड्याळाचा कित्ता

मनुष्यास जे नाना प्रकारचे छंद जडतात, त्यांपैकीं कांहीं केवळ वेळ घालविण्याचे असतात, व कांहीं हाताला कसब आणि बुद्धीला शिस्त लावणारे असतात. दुसऱ्या वर्गांतील एका छंदाची ओळख आमच्या विद्यार्थीमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे. जुन्या काळच्या नामांकित व मौल्यवान मनगटी घड्याळांच्या प्रतिकृति सुटे भाग जमवून स्वतःच्या हातांनीं तयार करणें, व त्यांना आपल्या आवडीप्रमाणें रूप देणें, हा तो छंद होय. त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. पण त्यांत एक निसरडी जागाहि आहे. दोहोंचाहि विचार येथें करूं.

प्रतिकृति करणाऱ्यांचें फार आवडतें असें एक घड्याळ आहे. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं १८६० सालीं स्थापन झालेल्या पानेराई या पेढीनें तें इटलीच्या आरमारासाठीं तयार केलें. रात्रीं पाण्याखालीं काम करणाऱ्या पाणबुड्यांस वेळ स्पष्ट दिसावी, म्हणून १९३६ च्या सुमारास त्याचे पहिले नमुने झाले. त्याची केस उशीच्या आकाराची व ४७ मिलिमीटर रुंद होती, आणि पट्टा पोहण्याच्या पोशाखावरून बांधतां येईल इतका लांब होता. केस व आंतील यंत्र रोलेक्स कंपनीकडून येत असे. तबकडी मात्र पानेराईची खास. पुढें तींत दोन पत्रे एकावर एक बसवूं लागले. वरच्या पत्र्यांत आंकडे आरपार कापलेले, व खालच्या पत्र्यावर चमकणारा लेप. त्यामुळें आंकडे जणूं आंतून उजळलेले दिसत. याच आरमाराच्या सहा पाणबुड्यांनीं डिसेंबर १९४१ मध्यें अलेक्झांड्रिया बंदरांत शिरून ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या होत्या. अशा पथकांसाठीं हीं घड्याळें होतीं. सामान्य ग्राहकांस पानेराईचीं घड्याळें १९९३ पासून मिळूं लागलीं. त्यापूर्वींचीं मूळ घड्याळें थोडीं, म्हणून त्यांची किंमत सामान्य मनुष्याच्या आवांक्याबाहेर गेलेली आहे. ज्याला तें रूप आवडतें, पण तेवढें द्रव्य जवळ नाहीं, तो प्रतिकृतीकडे वळतो.

अशी प्रतिकृति घरच्या टेबलावर होऊं शकते, याचें कारण आंतील यंत्रांत आहे. आमचे घड्याळजी त्याला ‘मशीन’ म्हणतात. मूळ घड्याळांत खिशांतल्या घड्याळाचें यंत्र बसविलेलें होतें. तशाच जातीचें ‘युनिटास ६४९७’ नांवाचें स्विस यंत्र पुढें पानेराईनेंहि वापरलें, आणि चीनमधील ‘सीगल’ कारखाना त्याच बांधणीचें यंत्र कमी किंमतींत तयार करतो. त्याचा व्यास ३६.६ मिलिमीटर, म्हणून त्याचे भाग डोळ्यांस दिसतात व चिमट्यांत धरतां येतात. खिशांतल्या घड्याळांत या यंत्राची चावी वर बाराच्या आंकड्याशीं व सेकंदांची लहान तबकडी खालीं सहाच्या आंकड्याशीं असते. मनगटासाठीं तेंच यंत्र पाव फेरा वळवून बसवितात. मग चावी तीनाकडे येते, आणि सेकंदांची तबकडी आपोआप नवाकडे जाते. असें घड्याळ कोणाच्या हातांत दिसलें, तर तें मूळचें खिशांतलें आहे, हें आमच्या वाचकांनीं आतां ओळखावें!

या यंत्राचें काम समजून घेणें हा या छंदाचा पहिला लाभ होय. चावी दिली म्हणजे एका डबींतील पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडूं पाहते, आणि तिचा जोर एकामागून एक अशा दांतेरी चक्रांतून पुढें जातो. त्यांपैकीं एक चक्र तासांत एक फेरा करतें, त्यावर मिनिटकांटा. दुसरें मिनिटांत एक फेरा करतें, त्यावर सेकंदकांटा. पण कमान मोकळी सोडली, तर सगळा जोर क्षणांत संपून जाईल. तिला अडवून थोडथोडें सोडण्याचें काम अखेरचें तोलचक्र करतें. केसासारख्या बारीक कमानीच्या आधारानें तें पुढें-मागें झोके घेतें, आणि दर झोक्यास चक्रांना एकच पाऊल सरकूं देतें. आपण ऐकतों ती टिकटिक हीच अडवणूक आणि सोडवणूक होय. या यंत्रांत असे झोके सेकंदाला ५, तासाला १८,००० व दिवसाला ४,३२,००० होतात. दिवसाला वीस सेकंद चुकणाऱ्या घड्याळास आपण नांवें ठेवतों. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे ती चूक ४,३२० मध्यें एक एवढीच. ४,३२० शब्द लिहून एकच शब्द चुकणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

आतां जोडणीचा क्रम सांगतों. टेबल स्वच्छ व पांढरें असावें, पंखा बंद असावा. कारण धुळीचा एक कण चक्राच्या दांत्यांत अडकला, तर घड्याळ थांबतें. डोळ्याला भिंग, हातांत चिमटा व बारीक स्क्रू-ड्रायव्हर, आणि बोटांना रबरी टोप्या, एवढीं साधनें आरंभीं पुरतात. प्रथम तबकडी यंत्रावर बसवावी. तिच्या पाठीस दोन बारीक खुंट्या असतात, त्या यंत्रांतील भोंकांत जाऊन बाजूच्या स्क्रूंनीं घट्ट होतात. मग तासकांटा, त्यावर मिनिटकांटा, दोन्ही बरोबर बाराच्या रेघेवर दाबून बसवावे. कांटे एक संपूर्ण फेरा फिरवून ते एकमेकांस किंवा तबकडीस घासत नाहींत, याची खात्री करावी. नंतर यंत्र केसमध्यें ठेवून चावीची दांडी मापानें कापावी. येथेंच नवशिके फसतात. दांडी लांब राहिली तर पुन्हां कापतां येते, तोकडी झाली तर टाकून द्यावी लागते. म्हणून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनें कापावें व कानशीनें घासावें. शेवटीं रबरी कडें नीट बसवून मागचें झांकण आवळावें. घड्याळ पुढें धांवत असेल अथवा मागें पडत असेल, तर तोलचक्राजवळची लहानशी दांडी किंचित् सरकवून तें ताळ्यावर आणतां येतें. मात्र अशीं घड्याळें मोबाइलच्या कर्ण्यावर किंवा लोहचुंबकाजवळ ठेवूं नयेत. बारीक कमानींत चुंबकत्व शिरलें म्हणजे तिचे वेढे एकमेकांस चिकटतात, आणि घड्याळ भलतेंच वेगानें धांवूं लागतें.

यापुढें हौसेचा भाग येतो. कोणी कांच जुन्या पद्धतीची फुगीर घालतात, कोणी पट्टा जुन्या कातड्याचा शिवतात. आम्हांस सर्वांत मनोरम वाटतो तो स्क्रू निळे करण्याचा प्रकार. स्वच्छ घासलेला पोलादी स्क्रू पितळेच्या भुग्यावर ठेवून खालून स्पिरिटच्या दिव्यानें तापविला, म्हणजे तो प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि सुमारें ३०० अंश उष्णमानास गर्द निळा होतो. त्या क्षणीं तो बाजूस काढावा. थोडा उशीर झाला कीं, निळा रंग उडून राखाडी होतो. यांत कोणताहि रंग लावलेला नसतो. उष्णतेनें पोलादावर गंजाचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणें प्रकाशाचा रंग बदलतो. साबणाच्या बुडबुड्यावर दिसणारे रंग याच जातीचे.

येथें एक धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. पानेराईच्या जुन्या तबकड्यांवरील लेप रेडियमचा होता. मेरी व पिएर क्युरी यांनीं १८९८ सालीं शोधून काढलेल्या या धातूचें लोकांस प्रथम मोठें नवल वाटलें. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज गांवीं अशा तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुली कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरीत. तसेंच त्यांना शिकविलेलें होतें. कांहीं वर्षांत त्यांच्या जबड्याचीं हाडें कुजूं लागलीं, व कित्येक मरण पावल्या. त्यांपैकीं पांच जणींचा १९२७ चा दावा १९२८ सालीं तडजोडीनें मिटला. रेडियमची शक्ति निम्मी होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. त्यांत मिसळलेली चमकणारी भुकटी मात्र कांहीं दशकांतच निकामी होते. म्हणून जुनी तबकडी अंधारांत चमकत नाहीं, यावरून ती निरुपद्रवी झाली असें समजूं नये, व तिचा लेप कधींहि खरवडूं नये. प्रतिकृतीसाठीं आजचा स्ट्रॉन्शियमचा लेप घ्यावा. १९९३ मध्यें जपानांतील नेमोतो कंपनीनें प्रचारांत आणलेला हा लेप प्रकाश सांठवून रात्रीं परत देतो, व त्यांत किरणोत्सर्गाचें भय नाहीं. त्यांत थोडा पिवळसर रंग मिसळला कीं जुनेपणाचा भासहि साधतो.

आतां त्या निसरड्या जागेकडे वळूं. घड्याळ मनासारखें उतरलें, कीं तबकडीवर त्या प्रसिद्ध पेढीचें नांव छापण्याचा मोह होतो, आणि तशा छापील तबकड्या बाजारांत मिळतातहि. एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, स्वतःच घालावयाचें आहे, विकावयाचें नाहीं, मग नांव टाकलें तर काय बिघडलें?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तरहि नीट दिलें पाहिजे.

कित्ता गिरविणारा मुलगा गुरुजींच्या अक्षरावरून हात फिरवितो, त्यांत लबाडी नाहीं. तसें केल्यावांचून अक्षरास वळण लागतच नाहीं. पण वळण साधल्यावर त्यानें प्रगतिपुस्तकावर गुरुजींची सही केली, तर हात तोच, शाई तीच, तरीहि तो अपराध होतो. आकाराची नक्कल हा कित्ता. नांवाची नक्कल ही खोटी सही. कायदाहि थोडाबहुत हाच भेद करतो. नव्या युक्तीवरील पेटंटचा हक्क वीस वर्षांनीं संपून ती युक्ति सर्वांची होते. व्यापारचिन्हाची नोंदणी मात्र दर दहा वर्षांनीं नवी करून पिढ्यान्‌पिढ्या राखतां येते, आणि आपल्याकडे १९९९ च्या कायद्यानें खोटें व्यापारचिन्ह लावणें हा गुन्हा आहे. राहिला ‘स्वतःपुरतें’ हा शब्द. चांगलें घड्याळ मनुष्यापेक्षां दीर्घायुषी असतें. आज बापानें हौसेनें छापलेलें नांव उद्यां मुलगा खरें समजेल, परवां अडचणींत सांपडून तो तें विकावयास काढील, आणि दुकानदार त्याला चोर ठरवील. ज्यानें खोटें लिहिलें तो सुटतो. ज्यानें विश्वास ठेवला तो पकडला जातो.

या बाबतींत आपल्या मुंबईचा दाखला लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जुनीं स्विस व एच्. एम्. टी. चीं घड्याळें दुरुस्त करून, त्यांवर नव्यानें रंगविलेल्या झगझगीत तबकड्या चढवून विकण्याचा धंदा आपल्याकडे बरेच दिवस चालत आला आहे. परदेशांतील संग्राहकांनीं अशा घड्याळांस ‘मुंबई स्पेशल’ असें नांव दिलें आहे, आणि तें गौरवाचें नाहीं. तीन मोडक्या घड्याळांतून एक चालतें घड्याळ उभें करणाऱ्या कारागिराचें कसब खरें आहे. गरीब मनुष्याच्या मनगटावर तें वर्षानुवर्षें चालतेंहि. ‘तबकडी नवी आहे,’ एवढेंच विकतांना सांगितलें गेलें असतें, तर त्याच कसबाची वाखाणणी झाली असती. तीन शब्द गाळले गेले, आणि एका शहराच्या नांवाला बट्टा लागला.

ज्या विद्यार्थ्यांस हा छंद करावासा वाटेल, त्यांनीं प्रथम घरांत पडून असलेलें एखादें चावीचें घड्याळ वडिलांच्या किंवा आजोबांच्या परवानगीनें उघडून पहावें. सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्यानें १९६१ पासून बंगळूर येथें निघूं लागलेलीं एच्. एम्. टी. चीं घड्याळें कित्येक घरांत अजून आहेत. तीं चावीचीं असलीं तर शिकण्यास फार चांगलीं. मात्र आजोबांचें एकुलतें एक घड्याळ शिकण्यासाठीं घेऊं नये. हात स्थिर झाल्यावर मग प्रतिकृतीकडे वळावें. पानेराईनें पुढील घड्याळांत चावीवर बसविलेला अर्धचंद्राकृति भागहि आपलें चिन्ह म्हणून राखला आहे. तो टाळून पहिल्या साध्या केसचाच कित्ता घ्यावा. मागच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस आपलें नांव, जोडणीचें साल, व यंत्र कोठलें हें कोरून ठेवावें, म्हणजे पन्नास वर्षांनीं तें उघडणाऱ्या घड्याळजीस खरी हकीगत कळेल. तबकडीवर आपलें नांव घाला, अथवा ती कोरी ठेवा. कोऱ्या तबकडीचें घड्याळहि वेळ बरोबरच सांगतें.