वारा फुकट, डोंगर नाही

वारा फुकट, म्हणून पवनचक्कीच्या विजेची कुणाला झळ बसत नाही, हा एक गैरसमज. वारा पडला की चक्की ठप्प, म्हणून ती निरुपयोगी, हा दुसरा. दोन्हींची शहानिशा कर्जतच्या डोक्यावरच्या घाटमाथ्यावरच करता येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. त्यामुळे चक्क्या खाली उल्हास-पाताळगंगेच्या खोऱ्यात न राहता माथ्याकडे जातात, आणि नेमके तिथेच जंगल उरलेले असते. भीमाशंकर अभयारण्याची हद्द कर्जत तालुक्यातही उतरते. त्याच्या शेजारी, खेड तालुक्यातल्या डोंगरांवर चक्क्या उभ्या राहिल्या. खांबाला जागा थोडीच लागते, हे खरे. पण लांबलचक अखंड पाते वळणावरून न्यायचे तर रस्ता रुंद हवा आणि क्रेनला सपाट जागा हवी. त्यासाठी उतार फोडले गेले, दगडमाती ओढ्यांत आणि शेतांत आली. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीच्या 2011च्या अहवालात याची नोंद आहे. उघड्या सड्यावर तरी काही बिघडत नाही, असेही म्हणता येत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळले. ते सरडेही अंगाने रोडावलेले होते.

मग कोळसाच बरा का? मुळीच नाही. खाणीपासून भंगारापर्यंतचा हिशेब धरला तर कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे 820 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, वाऱ्याच्या युनिटमागे जेमतेम 11-12 ग्रॅम, असा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा 2014चा अंदाज आहे. चक्की बनवायला लागलेली ऊर्जा ती साधारण वर्षभरात फेडते आणि पुढे वीसेक वर्षे चालते. वाऱ्याच्या लहरीपणाचे म्हणाल, तर महाराष्ट्रात तो जून ते सप्टेंबरमध्ये जोरात असतो, म्हणजे ढगांमुळे सौर वीज घटते तेव्हाच. उरलेल्या चढउताराला साठवण लागते. 1915 पासून खोपोलीत आणि 1922 पासून भिवपुरीत घाटावरचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडून वीज काढली जाते. आता जास्तीच्या विजेने पाणी पुन्हा वर चढवण्याचे प्रकल्प ठरत आहेत. भिवपुरीचा 1,000 मेगावॅटचा आणि कर्जत तालुक्यातलाच 3,000 मेगावॅटचा, असे दोन करार 2023 साली राज्य सरकारशी झाले. अशा साठवणीत शंभर युनिट खर्चून पंचाहत्तर-ऐंशीच परत मिळतात, शिवाय तिलाही डोंगरातलीच जमीन लागते. तो खर्चही वाऱ्याच्या खात्यावर मांडायला हवा.

म्हणूनच नवा माथा फोडण्याआधी जुन्या जागा पाहाव्यात, असे मला ठामपणे वाटते. साताऱ्यातल्या पहिल्या चक्क्या काहीशे किलोवॅटच्या. आज एकेक चक्की दोन-तीन मेगावॅटची असते, म्हणजे कित्येक जुन्यांच्या जागी एकच नवी पुरते. तिथे रस्ता आहे, वीजवाहिनी आहे, वारा मोजलेला आहे. चक्कीला इंधन लागत नाही, जवळजवळ सगळा पैसा उभारणीत आणि कर्जाच्या व्याजात जातो. तिथे तयार रस्ता आणि वाहिनी ही मोठीच बचत. मालकी आणि जुने वीजखरेदी करार आडवे येतात, ही अडचण खरी आहे. पण करार नव्याने लिहिता येतो. भीमाशंकरच्या शेजारचा फोडलेला उतार पुन्हा जोडता येत नाही.