सामाईक विधी प्रवेश परीक्षा (क्लॅट)

सामाईक विधी प्रवेश परीक्षा ही भारतातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रवेश देण्यासाठी घेतली जाणारी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा आहे. ती 'क्लॅट' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक पदवीसाठी एक आणि एलएल.एम.साठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे पदवी परीक्षेचा विचार केला आहे. वीसहून अधिक राष्ट्रीय विधी विद्यापीठे तिच्या गुणांवर प्रवेश देतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र 'एलेट' ही स्वतःची परीक्षा घेते.

इतिहास

देशातील पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठ 1987 साली बंगळूर येथे स्थापन झाले. पुढे अन्य राज्यांनी आपापल्या कायद्यांद्वारे अशी विद्यापीठे काढली आणि प्रत्येकाची प्रवेश परीक्षा निराळी राहिली. विद्यार्थ्यांना वेगवेगळे अर्ज व शुल्क भरून निरनिराळ्या शहरांत परीक्षेला जावे लागे आणि तारखा एकमेकींवर आल्यास एका विद्यापीठावर पाणी सोडावे लागे. याविरुद्ध 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्यानंतर सात विद्यापीठांनी 2007 मध्ये सामंजस्य करार केला आणि मे 2008 मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली.

सुरुवातीची दहा-अकरा वर्षे परीक्षेची जबाबदारी दरवर्षी एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे जात असे. त्यामुळे एका वर्षीचा अनुभव पुढच्या वर्षी कामी येत नसे. 2018 च्या ऑनलाइन परीक्षेत अनेक केंद्रांवर संगणक बंद पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वाया गेलेल्या वेळेची गुणांच्या रूपाने भरपाई करावी लागली. पुढील वर्षी परीक्षा पुन्हा कागदावर आली आणि तिचे आयोजन विद्यापीठांच्या कायमस्वरूपी संघाकडे सोपवण्यात आले. सप्टेंबर 2020 मध्ये बंगळूरच्या विद्यापीठाने महामारीचे कारण देऊन स्वतंत्र परीक्षा घेतली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

स्वरूप

2020 पासून परीक्षेचे स्वरूप मुळातून बदलले. त्यापूर्वीच्या 200 सुट्या प्रश्नांची जागा उताऱ्यांवर आधारित 150 प्रश्नांनी घेतली. 2024 च्या प्रवेशांपासून 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्य ज्ञान, विधिविषयक तर्क, तार्किक विचार आणि संख्यात्मक तंत्रे असे पाच विभाग आहेत. त्यांपैकी चालू घडामोडी आणि विधिविषयक तर्क यांचा वाटा प्रत्येकी सुमारे एक चतुर्थांश, तर दहावीच्या पातळीवरील गणिताचा सुमारे दहावा हिस्सा असतो. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो.

एक उतारा साधारण 450 शब्दांचा असतो. या हिशेबाने विद्यार्थ्याला दोन तासांत आठ ते दहा हजार इंग्रजी शब्द वाचून उत्तरेही द्यावी लागतात. म्हणूनच ही परीक्षा स्मरणशक्तीपेक्षा वाचनाची परीक्षा ठरते.

पूर्वतयारी

विधिविषयक तर्काच्या विभागासाठी कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नाही. किंबहुना अर्धवट पूर्वज्ञान येथे घातक ठरू शकते. समजा, उताऱ्यात असा नियम दिला आहे : धोकादायक वस्तू बाळगणारा तिच्यामुळे झालेल्या हानीला जबाबदार असतो, मात्र हानी नैसर्गिक आपत्तीमुळे झाली असल्यास नाही. प्रश्नात भूकंपामुळे कारखान्यातून वायुगळती झाल्याचे वर्णन आहे. दिलेल्या नियमानुसार कारखानदार जबाबदार नाही. परंतु दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये घातक उद्योगांवर निरपवाद जबाबदारी टाकली, हे वाचलेला विद्यार्थी आपल्या माहितीवर विसंबून उलट उत्तर देतो. उताऱ्यातील नियम आणि बाहेरचे ज्ञान यांत फरक करण्याची सवय जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्यानेच लागते.

इंग्रजी वृत्तपत्रांतील अग्रलेख व न्यायालयीन वार्ता यांचे रोजचे वाचन हा तयारीचा गाभा मानला जातो. मराठी वृत्तपत्रांतून घडामोडी समजतात, पण वाचनाचा वेग इंग्रजी मजकुरावरच कमवावा लागतो. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना यासाठी बारावीच्या वर्षाच्या आधीपासून सुरुवात करणे सोयीचे पडते, कारण 2022 च्या अखेरीपासून परीक्षा डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या आधी, होऊ लागली आहे. उणे गुणांचा धाकही अनेकदा अवाजवी असतो. चारपैकी एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर उरलेल्या तिनांतून अंदाजाने निवड करणे सरासरीने फायद्याचेच ठरते.

अर्ज व प्रवेशप्रक्रिया

अर्ज विद्यापीठ संघाच्या संकेतस्थळावर भरला जातो. बारावीला बसणारे विद्यार्थीही पात्र असतात. खुल्या प्रवर्गासाठी किमान 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के गुणांची अट आहे. कमाल वयोमर्यादा नाही. अलीकडच्या वर्षांत अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी 4,000 रुपये आहे. समान गुण मिळाल्यास आधी विधिविषयक तर्काचे गुण, मग वय आणि शेवटी सोडत पाहिली जाते.

निकालानंतर समुपदेशनासाठी स्वतंत्र नोंदणी व शुल्क भरावे लागते आणि विद्यापीठांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. जागा या क्रमानेच मिळत असल्याने तो विचारपूर्वक ठरवणे आवश्यक असते. मिळालेली जागा कायम करता येते किंवा ती हाती ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहता येते. मात्र वरची जागा मिळताच आधीची आपोआप सुटते. बहुतेक विद्यापीठांचा खर्च वर्षाला लाखांच्या घरात जातो, त्यामुळे शिष्यवृत्तीची चौकशी क्रम भरण्यापूर्वीच करावी लागते.

आरक्षणाचे नियम विद्यापीठागणिक बदलतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातील रहिवाशांसाठी जागा राखीव आहेत. त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते. जातीचे व नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र यांसह ते तहसील कार्यालयातून वेळेत मिळवणे अर्जदारावरच असते. कागदपत्रे मुदतीत न आल्यास चांगल्या गुणांची जागाही हातची जाते.

भाषेचा प्रश्न

परीक्षा केवळ इंग्रजीतून होते. ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील इतर भाषांतूनही व्हावी, या मागणीसाठी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार प्रामुख्याने इंग्रजीत चालते, हा इंग्रजीच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद आहे. परंतु बहुसंख्य पक्षकारांचा संबंध जिल्हा व तालुका न्यायालयांशी येतो आणि महाराष्ट्रात त्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना या परीक्षेसाठी तयार करण्याच्या हेतूने कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये 'इडिया' हा उपक्रम सुरू केला.

महाराष्ट्रातील अन्य विधी महाविद्यालयांचे प्रवेश वेगळ्या मार्गाने होतात. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना 1855) आणि पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय (स्थापना 1924) यांसारख्या संस्थांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष 2016 पासून स्वतंत्र विधी परीक्षा घेतो. बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा अशा दोन्ही अभ्यासक्रमांसाठी ती होते. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.