६६६ म्हणजे नेमकं कोण? बारकोडच्या भीतीमागचं दोन हजार वर्षांपूर्वीचं कोडं

वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगरात पहिली पाळी सुटली की किराणा दुकानांत गर्दी होते. बिस्किटाच्या पुड्यावर ८९० ने सुरू होणारा बारकोड असतो, काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो आणि खिशातल्या मोबाइलमध्ये कुठला ना कुठला फॉरवर्ड वाट पाहत असतो. त्यातला एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं नवं रूप घेऊन येतो. बायबलमध्ये सांगितलेली सैतानाची खूण ती हीच, म्हणे. आधी बारकोड, मग आधार, मग लस, आता क्यूआर. खूण बदलते, आकडा मात्र तोच राहतो: ६६६.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मिझोरामसारख्या ख्रिस्तीबहुल राज्यात याच कारणावरून काही जणांनी बायोमेट्रिक नोंदणी नाकारल्याच्या बातम्या आल्या होत्या. नोंदणी नाकारली की रेशन, पेन्शन, बँक खातं, सगळीकडेच अडतं. मग ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्यात नेमकं काय आहे?

पत्र, तेही सात शहरांना

बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे ‘प्रकटीकरण’. लिहिणारा स्वतःचं नाव योहान सांगतो आणि पात्म नावाच्या बेटावर आपल्याला हे दृष्टान्त झाले, असं म्हणतो. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ.स. ९५ च्या सुमाराचा, रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीतला मानतात. काही जण तो तीसेक वर्षं मागे नेतात.

फॉरवर्डमध्ये कधीच नसलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हे पुस्तक पत्राच्या रूपात आहे आणि त्यावर पत्ताही आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया या आजच्या तुर्कस्तानातल्या सात शहरांतल्या मंडळ्यांना ते लिहिलं आहे. या शहरांत सम्राटाची देवळं होती आणि त्याला देव मानून नमन करणं हा नागरिकत्वाचा भाग समजला जाई. अशा ठिकाणी सत्तेविरुद्ध लिहायचं तर उघड नाव घेऊन कोण लिहील?

किल्ली पुस्तकातच आहे

या पुस्तकातली चित्रं वाचताना गरगरायला होतं. सात डोकी आणि दहा शिंगांचं श्वापद, तांबडा अजगर, सात शिंगं आणि सात डोळे असलेला कोकरा. पण लेखक मधूनमधून उत्तरंही देतो. पहिल्याच अध्यायात तो सांगून टाकतो की सात समया म्हणजे सात मंडळ्या. सतराव्या अध्यायात सांगतो की सात डोकी म्हणजे सात डोंगर. रोम सात टेकड्यांचं शहर आहे, हे तेव्हा लहान मुलालाही ठाऊक होतं. अजगर म्हणजे सैतान, हेही बाराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे.

बाकीची चित्रं त्यानं जुन्या यहुदी ग्रंथांतून घेतली. दानिएलाच्या पुस्तकात सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचा एक भयंकर प्राणी असे चार वेगवेगळे प्राणी येतात. ते चार साम्राज्यांचं रूपक आहे. योहान या चौघांना एकाच देहात घालतो. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा. आजवरच्या सगळ्या जुलमी राजवटींची बेरीज म्हणजे ही राजवट, असा त्याचा अर्थ. रोमला तो ‘बाबेल’ म्हणतो, त्यालाही कारण आहे. बाबेलनं इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचं मंदिर पाडलं होतं, रोमनं इ.स. ७० मध्ये.

आता आकडा

तेराव्या अध्यायाच्या शेवटी योहान वाचकाला चक्क गणित घालतो. श्वापदाची संख्या मोजा, ती माणसाची संख्या आहे, असं तो सुचवतो. हिब्रू आणि ग्रीकमध्ये आकड्यांसाठी वेगळी चिन्हं प्रचलित नव्हती. अक्षरंच आकड्यांचं काम करत, त्यामुळे प्रत्येक नावाला आपोआप एक बेरीज असे. पाँपेई शहराच्या भिंतीवर एका प्रेमवीरानं आपल्या प्रेयसीचं नाव न लिहिता तिचा आकडा ५४५ आहे, एवढंच खरडून ठेवलं आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. कटपयादी पद्धतीत ‘ज’ म्हणजे ८ आणि ‘य’ म्हणजे १. आकडे उलट्या क्रमानं वाचायचे, म्हणून ‘जय’ म्हणजे १८. महाभारताचं जुनं नाव ‘जय’ आणि त्याची पर्वं अठरा, हा मेळ अनेकांनी ऐकलेला असतो.

तीच युक्ती इथे लावून बघा. सम्राट नीरोचं नाव ग्रीक उच्चाराप्रमाणे हिब्रूत ‘नेरोन केसर’ असं लिहिलं तर अक्षरांची किंमत अशी होते: ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २००. बेरीज ६६६. योगायोग वाटतो? मग पुढचं पाहा. काही प्राचीन हस्तलिखितांत ६६६ च्या जागी ६१६ आहे. इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथे सापडलेल्या पपायरसवरही तोच आकडा आहे. लॅटिन उच्चारात नावाच्या शेवटचा ‘न’ नसतो. त्याची किंमत ५०. तो काढला की उरतात ६१६. दोन्ही आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवतात. त्यामुळे नीरोचं उत्तर आज सर्वाधिक अभ्यासकांना पटतं.

सगळ्यांनाच नाही, हेही खरं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप आयरिनियसनं ग्रीक अक्षरांतून इतर नावं सुचवली होती आणि ६१६ ही नकलाकारांची चूक ठरवली होती. पुढे पोप, नेपोलियन, हिटलर असे अनेक जण या आकड्यात बसवले गेले. इंग्रजीतल्या ‘ए’ ला १००, ‘बी’ ला १०१ असे आकडे दिले तर हिटलरची बेरीज बरोबर ६६६ येते. पण ‘ए’ ला १०० का? कारण तरच उत्तर जुळतं! तक्ता आपणच ठरवायचा असेल तर कुणालाही पकडता येईल. नीरोच्या बाबतीत मात्र तक्ता त्या काळी खरोखर वापरात होता.

हात, कपाळ आणि बाजार

फॉरवर्डचा सगळा जोर एका वाक्यावर असतो: उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण नसेल तर खरेदी-विक्री करता येणार नाही. यहुदी धर्मात देवाची वचनं हातावर आणि कपाळावर बांधण्याची जुनी प्रथा आहे. योहानची खूण ही तिचीच उलटी नक्कल, असं बरेच अभ्यासक म्हणतात. बाजाराचा संबंध काही जण सम्राटाचा मुखवटा आणि देवत्वाच्या पदव्या असलेल्या रोमन नाण्यांशी जोडतात.

मेसेज पाठवणारे सहसा तेराव्या अध्यायावर थांबतात. चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत १,४४,००० भक्तांच्या कपाळावरही नाव लिहिलेलं आहे, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं. ते कुणी शाईनं लिहिलेलं मानत नाही, ते निष्ठेचं चिन्ह धरतात. मग आदल्या अध्यायातली खूण तेवढी चिप कशी?

बारकोडमध्ये ६६६ आहे का?

नाही. बारकोडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बारीक रेघांच्या जोड्या असतात. उजव्या भागात ६ हा अंकही दोन बारीक रेघांनीच लिहिला जातो, म्हणून डोळ्यांना तीन वेळा ६ दिसल्याचा भास होतो. पण अंकाला सात घरांची जागा लागते. या जोड्यांना तीन किंवा पाचच घरं असतात. कोड कुठे सुरू होतो, कुठे संपतो, एवढंच त्या स्कॅनरला सांगतात.

क्यूआर कोडची गोष्ट बजाजनगरला जवळची वाटावी अशी आहे. जपानच्या डेन्सो समूहात १९९४ मध्ये तो तयार झाला, तो वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कोपऱ्यांतले तीन चौकोन कॅमेऱ्याला दिशा कळावी म्हणून असतात. वाळूजच्या कारखान्यांत सुट्या भागांच्या खोक्यांवर दिसणारा कोड आणि किराण्याच्या काउंटरवरचा कोड एकाच घराण्यातले आहेत.

आधारचा पहिला क्रमांक तर महाराष्ट्रातच दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. हे बारा अंक शरीरावर उमटवले जात नाहीत. शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठी. आधारच्या खासगीपणाबद्दलचे प्रश्न वेगळे आहेत. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ते विचारायला श्वापदाची गरज नाही.

या पुस्तकातल्या घटना अजून घडायच्या आहेत, असं मानणारे ख्रिस्ती भाविकही मोठ्या संख्येनं आहेत. मात्र त्या अध्यायातही खूण येते ती श्वापदाच्या मूर्तीपुढे वाकण्याच्या सक्तीसोबत. बिस्किटाचा पुडा स्कॅन करताना कुणी कुणापुढे वाकत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं मुळातून तपासता येतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. आज मराठी बायबल मोबाइलवर मोफत मिळतं. प्रकटीकरणाचे बावीसच अध्याय आहेत. पुढच्या वेळी फॉरवर्ड आला तर तेरावा वाचून झाल्यावर चौदाव्याची पहिली ओळही वाचा.