धाग्यांची घासाघीस
(लेखांक ७)

इचलकरंजीत यंत्रमागावर ताणा वारंवार तुटू लागला की पहिलं बोट सुताकडे जातं, दुसरं सायझिंगवाल्याकडे. वीण मात्र बहुतेक वेळा निर्दोष सुटते. या आठवड्यात तिचीच उलटतपासणी.

वहीच्या डोळ्यातून निघून फणीत शिरलेला ताण्याचा एकच धागा नजरेसमोर धरा. कापड इंचाला ५२ पिकांचं आहे. म्हणजे ५२ आडवे धागे बसले की ताणा जेमतेम इंचभर सरकणार. फणी पाच इंच मागेपुढे होते असं समजू. तेवढा पट्टा पार करायला त्या धाग्याला २६० पिकं लागतात आणि दर पिकाला फणी त्याला जाताना घासते, येताना घासते. कापड होण्याआधीच पाचशेच्या वर घासण्या! हे कुठल्याही विणीला चुकत नाही.

विणीचा हिशेब यापुढचा. साध्या विणीत धागा दर पिकाला वरचा खाली, खालचा वर होतो. इंचाला ५२ वेळा. दोन वर, दोन खाली अशा ट्विलमध्ये २६ वेळा आणि पाच धाग्यांच्या साटीनमध्ये सुमारे २१ वेळा. दर अदलाबदलीला शेजारचे दोन धागे एकमेकांना खेटून जातात. कांजीचा थर खरवडला जातो, दबलेली लव उभी राहते, एकाची लव दुसऱ्याच्या लवेत गुंतते. मागाखाली साचणारा पांढरा भुगा तो हाच.

पॉपलिनचं दुखणं इथलंच. वीण साधी, पण ताण्याचे धागे बाण्याच्या जवळजवळ दुप्पट. खरं तर साध्या विणीला दोन वह्या पुरतात. तरी जाणता जॉबर चार लावतो. वहिफणी कामगार धागे पहिली, तिसरी, दुसरी, चौथी अशा क्रमाने भरतो. प्रत्येक वहीतली दाटी निम्मी होते. जोडीतली एक वही किंचित आधी हलवली, तर सगळे धागे एकाच क्षणी एकमेकांना भिडतही नाहीत.

साटीन साधू आहे असं मात्र समजू नका. त्यात धागे दाटीने बसतात, म्हणून कारखानदार ते कोंबतो आणि वाचलेली झीज फणीत पुन्हा वसूल होते.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे साध्या विणीत साटीनचा पट्टा. साध्या विणीतला धागा सारखा वर-खाली वळतो, म्हणून त्याची लांबी जास्त खर्ची पडते, साटीनचा कमी. दोन्ही एकाच बीमवर घेतले, तर काही वारांतच साध्या विणीचे धागे ताणून तुटतात, साटीनचे सैल पडून शेजाऱ्यांत अडकतात. असा माल घेताना साटीनच्या पट्ट्याला वेगळा बीम लावावाच लागतो. तो खर्च टाळून सुताला शिव्या देणं योग्य नाही.

सायझिंगवाल्याची बाजू पुढच्या आठवड्यात ऐकू.