साठ वर्षांचा रहिवास, तरी नोकरीसाठी हवे नोंदणीपत्र

हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर आणि शालींची दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेते आपल्या परिचयाचे आहेत. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, मुंडगोड येथे त्यांची मोठी वसाहत आहे. दलाई लामा १९५९मध्ये भारतात आले. त्यांच्यामागोमाग आलेल्या निर्वासितांसाठी तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर १९६६मध्ये ही वसाहत उभी राहिली. तेथे जन्मलेली मुले कन्नड बोलतात, शिक्षणासाठी हुबळी-धारवाड गाठतात. तथापि, कायद्याच्या लेखी त्यांतील अनेक जण आजही परकीयच आहेत.

याची झळ पहिल्या नोकरीच्या वेळी बसते. समजा, मुंडगोडच्या एका तरुणीची हुबळीतील नवनगर येथे एखाद्या खासगी रुग्णालयात परिचारिका म्हणून निवड झाली. रुजू होताना तिच्याकडे भारतीय नागरिकत्वाचा पुरावा मागितला जातो; तो नसेल तर पारपत्र आणि रोजगार व्हिसा. तिच्याकडे यांपैकी काहीच नाही. आधार कार्ड आहे, पण ते रहिवाशाची ओळख पटवते, नागरिकत्व सिद्ध करत नाही. पॅन कार्ड केवळ करासाठी असते.

तिचा खरा आधार म्हणजे नोंदणीपत्र. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. त्यामुळे तिबेटींची नोंद परकीयांसाठीच्या कायद्याखाली होते. पूर्वी त्यासाठी १९३९चा कायदा होता. १ सप्टेंबर २०२५पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या पत्राचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. मुदत उलटली, तर येथील वास्तव्याचा कायदेशीर पुरावाच डळमळीत होतो.

मात्र, नोंदणीपत्रावर ‘काम करण्यास परवानगी’ असे शब्द शोधून उपयोग नाही. त्यासाठी केंद्र सरकारचे २०१४चे तिबेटी पुनर्वसन धोरण पाहावे लागते. नोंदणीकृत तिबेटींना व्यवसाय परवाने द्यावेत, तसेच परिचर्या, अध्यापन, वैद्यक, अभियांत्रिकी, सनदी लेखापाल अशा क्षेत्रांत पात्रतेनुसार काम करू द्यावे, असे त्यात म्हटले आहे. अडचण अशी की, हे धोरण आहे, कायदा नव्हे, आणि अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. खासगी आस्थापनेला त्याची माहिती नसेल, तर ते समजावून सांगण्याचे ओझे उमेदवारावरच पडते.

सरकारी नोकरीची वाट आणखी अरुंद आहे. केंद्रीय भरतीच्या अनेक जाहिरातींत तिबेटी निर्वासितांचा उल्लेख असतो. परंतु १ जानेवारी १९६२पूर्वी कायमच्या वास्तव्यासाठी आलेल्यांपुरताच. त्या वेळी कडेवर असलेले मूलही आज साठी ओलांडून गेले आहे. मुंडगोडची वसाहत तर त्यानंतरची.

मग नागरिकत्व का घेऊ नये? २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय ठरते. तिबेटींनाही हे लागू असल्याचे न्यायालयांनी मान्य केले आहे. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. म्हणजे तिबेटमध्ये जन्मलेल्या दांपत्याचा १९८६मधील मुलगा भारतीय, तर १९८८मधील मुलगी परकीय. शिवाय, २०१७मध्ये भारतीय पारपत्र घेणाऱ्यांना नोंदणीपत्र परत करण्याची आणि वसाहत सोडण्याची अट घालण्यात आली. अनेकांना ही किंमत फार मोठी वाटली.

गोमंतकीयांना हा पेच अनोळखी नाही. पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमधील स्विंडनला गेलेल्या आपल्या आप्तांनाही ब्रेक्झिटनंतर वास्तव्याचा दर्जा स्वतंत्रपणे मिळवावा लागला. नवी नोकरी धरताना त्यांना संकेतस्थळावरून ९० दिवस चालणारा संकेतांक काढून मालकाला द्यावा लागतो. वर्षानुवर्षे तेथे काम केले, एवढे सांगून भागत नाही.

म्हणूनच मुंडगोडच्या उमेदवाराने मुलाखतीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: नोंदणीपत्राची मुदत शिल्लक आहे ना, आणि २०१४च्या धोरणाची प्रत सोबत आहे ना. मालकानेही व्हिसाचा रकाना रिकामा दिसताच अर्ज बाजूला सारू नये. आधी नोंदणीपत्र मागावे.